राजकुळातला गाथागायक : केइता फोदेबा

पश्चिम आफ्रिकेचा इतिहास कित्येक शतके कागदावर नव्हता, तो माणसांच्या जिभेवर होता. नायजर नदीच्या वरच्या खोऱ्यात मांदे नावाचे लोक राहतात. त्यांच्यात ‘जेली’ म्हणून एक वंशपरंपरागत वर्ग आहे. फ्रेंचांनी त्याला ‘ग्रियो’ म्हटले आणि बाहेरच्या जगात तेच नाव रूढ झाले. राजाची वंशावळ तोंडपाठ ठेवणे, लढायांच्या गाथा गाणे, सोयरिकी जुळवणे, तंटे मिटवणे ही जेलीची कामे. त्यांच्या जोडीला आणखी एक अवघड काम असते. राजा वाट चुकला तर भर दरबारात त्याच्या पूर्वजांची नावे घेऊन त्याला जागे करणे हेही जेलीनेच करायचे. आपल्या वाचकांना भाट आणि शाहीर आठवतील. जेली थोडासा दोन्ही आहे, आणि शिवाय वकीलही आहे.

या समाजात एक दंडक फार जुना आहे. राजकुळातल्या माणसाने गायचे नसते. त्याच्याविषयी दुसऱ्याने गायचे असते. ‘केइता’ हे माली साम्राज्याच्या राजकुळाचे नाव. ‘कुयाते’ हे त्या कुळाच्या जेलींचे नाव. केइताने राज्य करावे, कुयातेने त्याची गाथा सांगावी, अशी ही वाटणी. मी ज्याचे चरित्र येथे सांगणार आहे तो जन्माने केइता होता. तरीही तो रंगमंचावर गेला, गाथा सांगू लागला, आणि पुढे पुन्हा राज्यकर्त्यांच्या पंगतीला जाऊन बसला. त्याच्या आयुष्याची सारी शोभा आणि सारी शोकांतिका या दोन उड्यांत आहे.

माझी आणि केइता फोदेबाची गाठ पडली ती आडवाटेने. फ्रान्त्स फॅननच्या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द रेचिड ऑफ द अर्थ’ या पुस्तकात राष्ट्रीय संस्कृतीवर एक प्रकरण आहे. परतंत्र देशातील कवीने काय लिहावे याची चर्चा करता करता फॅनन एक लांबलचक कविता समोर ठेवतो. तिच्यात मधूनमधून गिटार, कोरा आणि बालाफोन यांच्या वादनाच्या सूचना आहेत. मला ती कविता वाटेना, नाटकाची संहिता वाटू लागली. हा कवी कोण म्हणून मी शोध घेऊ लागलो आणि एका विलक्षण माणसापाशी येऊन पोहोचलो.

फोदेबाचा जन्म १९२१ साली सिगिरी येथे झाला. हे गाव आजच्या गिनी देशाच्या ईशान्येस, नायजरच्या काठी आहे. त्या वेळी तेथे फ्रेंचांचे राज्य होते. पण सिगिरीचा मुलूख हा मांदे गाथेचा मुलूख आहे. त्याच परिसरात नियागासोला नावाचे खेडे आहे. तेथे ‘सोसो-बाला’ हा एक प्राचीन बालाफोन कुयाते घराण्यातील मंडळींनी पिढ्यान् पिढ्या जपून ठेवला आहे. बालाफोन म्हणजे लाकडी पट्ट्यांखाली भोपळे बांधून केलेले वाद्य. हा बालाफोन सुंदियाता राजाच्या काळचा आहे अशी श्रद्धा आहे, आणि २००१ साली युनेस्कोने या परंपरेचा मानवजातीचा मौखिक व अमूर्त वारसा म्हणून गौरव केला. ज्या मातीत फोदेबा वाढला तिच्यात गाथा हवेसारखी होती. ती शिकायला शाळेत जावे लागत नव्हते.

ती गाथा थोडक्यात सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तेराव्या शतकात मांदे देशाच्या राजाला सोगोलोन नावाच्या कुबड्या राणीपासून मुलगा झाला. तोच सुंदियाता. सात वर्षांचा झाला तरी त्याला चालता येईना. सवत सोगोलोनला हिणवू लागली, बाओबाब झाडाचा पाला हवा असेल तर तुझ्या मुलालाच आणायला सांग म्हणून. आईचे अश्रू पाहून मुलाने लोहाराकडून लोखंडी कांब मागवली. तिच्या आधाराने तो उभा राहिला तेव्हा ती कांब धनुष्यासारखी वाकली. मग त्याने पालाच काय, अख्खे बाओबाबचे झाड उपटून आईच्या दारात आणून रोवले. पुढे सावत्र भावाच्या मत्सरामुळे मायलेकांना परागंदा व्हावे लागले. तिकडे सोसोचा जादूगार राजा सुमाओरो कांते याने मांदे देश पादाक्रांत केला. शेवटी १२३५च्या सुमारास किरिना येथे लढाई झाली, सुमाओरोचा पराभव झाला आणि माली साम्राज्य उभे राहिले.

या कथेतला एक धागा मला सर्वांत मोलाचा वाटतो. सुंदियाताच्या बापाने मरण्यापूर्वी त्याला देणगी म्हणून काय दिले? बाला फासेके नावाचा जेली दिला. सावत्र भावाने हा जेली सुमाओरोकडे पाठवून दिला आणि सुमाओरोने त्याला स्वतःपाशी अडकवून ठेवले. राज्य हिरावले जाण्याइतकाच हा घाव सुंदियाताच्या जिव्हारी लागतो. सांगणारा गेला तर राजा आंधळा होतो, अशी मांदे लोकांची समजूत आहे. बाला फासेके हाच कुयाते घराण्याचा मूळ पुरुष मानला जातो.

गावात हे संस्कार झाले. पुढे फोदेबा शिकायला सेनेगालमधील विल्यम पाँती विद्यालयात गेला. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतील निवडक मुलांना शिक्षक, कारकून आणि दुय्यम अधिकारी बनवणारी ही शाळा. आयव्हरी कोस्टचा उफुए-ब्वान्यी आणि मालीचा मोदिबो केइता हे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले दोघे याच शाळेचे विद्यार्थी. पण आपल्यासारख्या महाविद्यालयीन मुलांना या शाळेविषयी कुतूहल वाटावे ते निराळ्याच कारणाने. येथील विद्यार्थ्यांना सुटीत आपापल्या गावी जाऊन लोककथा, गाणी आणि चालीरीती टिपून आणायला सांगत. परत आल्यावर एकेका प्रांताची मुले मिळून त्या सामग्रीतून नाटक रचत आणि वार्षिक उत्सवात ते सादर करीत. १९३७ साली या शाळेच्या मुलांनी पॅरिसमधील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या निमित्ताने तेथील एका नामवंत रंगमंचावरही प्रयोग केला. फ्रेंच भाषेतील आधुनिक आफ्रिकी नाटकाचा उगम अभ्यासक या शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहतात. आपल्या संमेलनाकडे टवाळखोर नजरेने पाहणाऱ्या मित्रांनी याची नोंद घ्यावी!

अर्थात यात एक पेच होता. नाटके आजीच्या गोष्टींची, पण भाषा साहेबाची. पूर्वजांच्या पराक्रमाचे कथानक निवडायचे, पण सरकारला रुचेल इतपतच. फोदेबा या शाळेतून बाहेर पडला तेव्हा त्याच्या गाठीशी दोन गोष्टी होत्या. गावची गाथा रंगमंचावर उभी राहू शकते हा विश्वास, आणि ती अशा रीतीने उभी राहू नये ही बोच.

काही काळ शिक्षकी केल्यावर १९४८ साली तो कायद्याच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेला. कायदा बाजूला राहिला. त्याने प्रथम एक वाद्यवृंद काढला आणि मग आफ्रिकी रंगभूमीची मंडळी जमवली. गिनी, सेनेगाल, माली अशा निरनिराळ्या वसाहतींतून आलेली तरुण मुलेमुली त्यात होती. फासेली कांते हा गिटारवादक त्याचा जवळचा साथीदार झाला. कांते हे सुमाओरोचेही नाव. सातशे वर्षांपूर्वी किरिनाच्या रणांगणावर ज्या दोन नावांनी एकमेकांवर शस्त्र उगारले ती पॅरिसमध्ये एका फळीवर उभी राहून वाजवू लागली.

१९५० साली त्याचा ‘पोएम आफ्रिकँ’ हा संग्रह निघाला. पुढच्याच वर्षी फ्रेंच आफ्रिकेत त्याच्या लेखनावर बंदी आली. बंदी का आली हे समजून घ्यायचे तर फॅननने निवडलेली ती रचनाच पाहिली पाहिजे. तिचे नाव ‘ओब आफ्रिकेन’, म्हणजे आफ्रिकेची पहाट. नामान नावाचा एक शेतकरी आहे. एका पहाटे गोऱ्या अंमलदाराचा हुकूम येतो, गावातून एक माणूस युद्धावर पाठवा. गावचे वडीलधारे बसून विचार करतात आणि सर्वांत चांगला म्हणून नामानला निवडतात. त्याची तरुण पत्नी कादिया मागे राहते. अधूनमधून दूरदेशाहून त्याची पत्रे येतात. तो शूरपणे लढतो, जर्मनांच्या कैदेत पडतो, त्याला पदक मिळते. गाव आनंदाने नाचते. आणि मग एक दिवस त्याच्या सोबत्याचे पत्र येते. नामान मेला. जर्मनांच्या गोळीने नव्हे. आफ्रिकेच्या भूमीवर, दाकारजवळच्या थियारोय येथे, ज्यांच्यासाठी तो लढला त्यांच्याच गोळीने.

थियारोय ही कल्पना नाही. १ डिसेंबर १९४४ रोजी तेथील छावणीत जर्मन कैदेतून सुटून आलेल्या आफ्रिकी शिपायांनी थकलेला पगार मागितला आणि फ्रेंच सैन्याने त्यांच्यावर गोळीबार केला. त्या वेळी सरकारी आकडा ३५ मृतांचा दिला गेला. संशोधकांच्या मते तो कितीतरी मोठा असावा. ही कत्तल होती हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी लेखी मान्य केले ते २०२४ साली, म्हणजे ऐंशी वर्षांनी. फोदेबाने ते काही वर्षांतच जाहीरपणे सांगितले होते.

येथे त्याच्या प्रतिभेची खरी खूण दिसते. जेलीची गाथा राजांची असते. सांगणारा, त्याच्या जोडीला वाद्ये, शब्द थांबले की सूर, सूर थांबले की शब्द, हा तिचा घाट. फोदेबाने तोच घाट उचलला, पण त्यात सुंदियाताच्या जागी एक शेतकरी बसवला. ज्याची वंशावळ कोणी सांगत नाही त्याची गाथा सांगितली. राजकुळातल्या माणसाने जेलीचे काम पत्करले आणि ते प्रजेसाठी केले. फॅननला या रचनेत माणसाला विचार करायला लावण्याचे सामर्थ्य दिसले ते यामुळेच असावे.

पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी त्याच्या मंडळीला ‘ले बाले आफ्रिकँ’ हे नाव मिळाले आणि तिने युरोपभर दौरे केले. टीकाही झाली. गावच्या आवारात रात्रभर चालणारे नृत्य दहा मिनिटांत बसवून तिकीट लावून दाखवायचे, हे खरे आफ्रिकी कसे, असा आक्षेप होता. फोदेबाने १९५७ साली ‘प्रेझांस आफ्रिकेन’ या नियतकालिकात या विषयावर लिहिले. त्याच्या विवेचनाचा मथितार्थ असा की गावात पाहणारा आणि नाचणारा असे दोन वर्ग नसतात, सगळे वर्तुळात असतात. रंगमंचावर मात्र प्रेक्षक एका बाजूला असतो आणि त्याला त्या विधीचा अर्थ ठाऊक नसतो. तेव्हा गाव जसेच्या तसे उचलून आणणे म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. पुनरावृत्ती कापावी, प्रकाश वापरावा, पण मूळ प्राण शाबूत ठेवावा. शिवाय आफ्रिका म्हणजे केवळ जुनी आफ्रिका नव्हे, आजची बदलती आफ्रिकाही तितकीच खरी आहे. लोककलेच्या शहरी प्रयोगांवर आपल्या नाट्यवर्तुळात जे वाद झडतात त्यांत हा विचार आजही उपयोगी पडेल असे मला वाटते.

त्याच १९५७ साली फोदेबाच्या आयुष्याला दुसरे वळण मिळाले. तो सिगिरीतून प्रादेशिक विधिमंडळावर निवडून आला आणि सेकू तूरे याच्या नेतृत्वाखाली बनलेल्या सरकारात गृहखात्याचा मंत्री झाला. २८ सप्टेंबर १९५८ रोजी फ्रान्सने आपल्या वसाहतींत सार्वमत घेतले. फ्रेंच छत्राखाली राहायचे की नाही हा प्रश्न होता. एकट्या गिनीने नकार दिला, तोही ९५ टक्के मतांनी. २ ऑक्टोबर १९५८ रोजी देश स्वतंत्र झाला. संतापलेले फ्रेंच अधिकारी जाताना टेलिफोनच्या ताराही उपटून घेऊन गेले असे सांगतात. त्या नव्या राष्ट्राचे राष्ट्रगीत ‘लिबेर्ते’ फोदेबाच्या नावावर आहे. त्याची चाल जेलींच्या एका जुन्या स्तुतिगीतावरून घेतलेली आहे. फ्रेंचांनी पदच्युत केलेल्या लाबेच्या आल्फा याया या सरदाराचे ते गीत. बाले आफ्रिकँ राष्ट्रीय संस्था झाली. १९५९ साली तिने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर प्रयोग केले.

इथपर्यंत ही एका विजयाची कथा आहे. येथेच थांबता आले असते तर चरित्रलेखकाचे काम सोपे झाले असते. पण जेली निम्मी वंशावळ सांगत नाही.

फोदेबा हा नुसता सांस्कृतिक मिरवणुकीतला मंत्री नव्हता. प्रथम गृहखाते आणि नंतर संरक्षण व सुरक्षा खाते त्याच्याकडे होते. सेकू तूरेच्या एकपक्षीय राजवटीला सगळीकडे कट दिसू लागले. काही कट खरे होते, पुष्कळसे संशयातून उपजलेले. याच सुमारास सरकारने दक्षिणेतील अरण्यप्रदेशात मुखवट्यांचे पवित्र विधी बंद पाडण्याची मोहीम काढली. गावात मुखवटे मोडले जात होते आणि परदेशी रंगमंचांवर राष्ट्रीय मंडळी मुखवट्यांची नृत्ये दाखवीत होती. मूळ प्राण शाबूत ठेवावा असे सांगणारा माणूस या सरकारचा गृहमंत्री होता.

१९६१च्या अखेरीस शिक्षक संघटनेने पगार आणि धोरणे यांवरून आवाज उठवला. सरकारने त्याला शिक्षकांचा कट असे नाव दिले आणि पुढाऱ्यांना तुरुंगात घातले. त्यांत जिब्रिल तामसिर नियान हा तरुण इतिहासकार होता. १९६० साली, म्हणजे अवघ्या वर्षभरापूर्वी, त्याचे सुंदियाताच्या गाथेवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. मामादू कुयाते या सिगिरीच्याच परिसरातील जेलीच्या तोंडून ऐकून त्याने ती गाथा फ्रेंचमध्ये उतरवली. आज जगातील विद्यापीठांत सुंदियाताची कथा वाचली जाते ती मुख्यतः या पुस्तकामुळे. म्हणजे गाथा रंगमंचावर नेणारा मंत्रिमंडळात बसला होता, देशाची सुरक्षा सांभाळत होता, आणि गाथा कागदावर आणणारा त्या सरकारच्या कोठडीत होता. दोघेही मुळात शिक्षक. या प्रसंगाशी मी बराच वेळ थांबलो. सुमाओरोने बाला फासेकेला अडकवून ठेवले होते. येथे सुंदियाताच्या वंशाचे नाव लावणाऱ्याच्या राज्यात सांगणारा बंदी झाला.

कोनाक्री शहरातील छावणीत राजकीय कैद्यांसाठी जो तुरुंग तयार झाला, त्याच्या उभारणीत फोदेबाचा हात होता असे सर्वत्र नमूद आहे. पुढे ही जागा बोइरो छावणी म्हणून कुप्रसिद्ध झाली. १९६५ साली फोदेबाचे खाते बदलून त्याला शेतीकडे धाडण्यात आले. जवळ असलेल्यांचाच संशय अधिक येतो हा अशा राजवटींचा नियम. १९६९च्या मार्च महिन्यात लाबे येथील सैनिकांच्या कटात तो सामील असल्याचा आरोप ठेवून त्याला अटक झाली. आणि त्याला ठेवले ते त्याच बोइरो छावणीत. २७ मे १९६९ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. वय अठ्ठेचाळीस. देहाला मूठमाती देण्याचे भाग्य घरच्यांना लाभले नाही.

त्याच्यानंतर त्या छावणीत हजारो माणसे गेली, त्यांतली कित्येक परत आली नाहीत. आफ्रिकी ऐक्य संघटनेचा पहिला सरचिटणीस दियालो तेली हा १९७७ साली तेथे अन्नपाण्यावाचून मेला. सेकू तूरे २६ मार्च १९८४ रोजी वारला. आठवडाभरानंतर सैन्याने सत्ता घेतली, छावणीची दारे उघडली.

फॅननने फोदेबाविषयी लिहिताना, हाच कवी आता गृहमंत्री असून फ्रेंचांची कारस्थाने हाणून पाडतो आहे, असे मोठ्या अभिमानाने नमूद केले आहे. फॅनन डिसेंबर १९६१ मध्ये वारला. पुढचे त्याला पाहावे लागले नाही. आपण ते पुस्तक आज वाचतो तेव्हा त्या ओळीपाशी थबकायला होते. मला त्यात फॅननचा भोळेपणा दिसत नाही. त्या पिढीला खरोखरच वाटत होते की कवीच्या हाती पोलीस आले म्हणजे पोलीस कवीसारखे वागतील. घडले उलटे.

मग या माणसाचे आपण काय करायचे? काहीजण म्हणतील, तुरुंग बांधणाऱ्याची कविता कशाला वाचायची? काहीजण म्हणतील, कलावंताची कला पाहावी, बाकीचे विसरावे. मला दोन्ही मान्य होत नाही. ‘ओब आफ्रिकेन’मधला नामान हा अन्यायाने मारलेला माणूस आहे, आणि त्याची कथा ज्या कारणाने आपल्याला अस्वस्थ करते त्याच कारणाने बोइरोची कथा अस्वस्थ करते. सत्ताधाऱ्याने आपल्याच माणसावर गोळी झाडली, हे दोन्हीकडे समान आहे. फोदेबाला शासन करण्याचे माप फोदेबानेच आपल्या हाती दिले आहे. त्याची कविता टाकली तर ते मापही जाईल.

मांदे लोकांच्या जुन्या व्यवस्थेत गाणारा आणि राज्य करणारा वेगळे ठेवले होते. ती व्यवस्था जन्मावर आधारलेली होती, म्हणून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. राजकुळातल्याने गाऊ नये हा दंडक फोदेबाने मोडला ते चांगलेच केले. पण त्या व्यवस्थेत एक शहाणपण होते. राजाच्या कानाशी एक असा माणूस असे की ज्याच्याकडे तलवार नाही आणि ज्याचे तोंड बंद करण्याचा राजाला अधिकार नाही. फोदेबा स्वतः जेली होता आणि स्वतःच राजा झाला. त्याच्या कानाशी कोणी उरले नाही.

गाथा मात्र थांबलेली नाही. मालीतील कांगाबा येथे दर सात वर्षांनी एका पवित्र झोपडीचे छप्पर नव्याने शाकारतात आणि त्या वेळी जेली घराणी ती गातात. बुर्किना फासोच्या दानी कुयातेने १९९५ साली ‘केइता’ नावाचा चित्रपट काढला. शहरातल्या शाळकरी मुलाला एक म्हातारा जेली सुंदियाताची गोष्ट सांगतो आणि शाळेशी खटका उडतो, अशी त्याची कथा. तो म्हातारा झाला आहे दानीचा बाप सोतिगी कुयाते. आपल्याला त्याची ओळख दुसऱ्याच वेशात असायला हवी, कारण पीटर ब्रुकच्या १९८५ सालच्या ‘महाभारता’त भीष्म झाला होता तो हाच. दरबारातला तो म्हातारा, सगळे जाणणारा आणि ऐन वेळी गप्प बसणारा, याची भूमिका एका जन्मजात जेलीने करावी यातले औचित्य मला फार वाटते.

जाता जाता आपल्या नाट्यमंडळाला एक सुचवावेसे वाटते. ‘ओब आफ्रिकेन’ मराठीत आणून एका संध्याकाळी सादर करता येईल. नेपथ्य नको. एक सांगणारा, एक गिटार, एक ढोलके आणि मधोमध रिकामी जागा पुरे. नामानच्या मृत्यूचे पत्र वाचून झाले की दिवे लावण्याची घाई करू नये. त्यानंतर सांगणाऱ्याने पुढे येऊन, त्याच आवाजात, कवीचे पुढे काय झाले तेही प्रेक्षकांना सांगावे.